उस्मानपुऱ्यात सापडलेले पाणी

पाणी शोधण्याचे शास्त्र या नगरीला नवे नाही. मलिक अंबराने १६१० च्या सुमारास खडकी वसविली तेव्हा त्याच्यापुढे पहिला प्रश्न पाण्याचाच उभा राहिला, आणि डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीतून गावात आणून तो त्याने इतक्या चोखपणे सोडविला की, पुढे कैक पिढ्या त्या नहरीच्या जिवावर निश्चिंत राहिल्या. पाणचक्कीवाल्यांनी तर डोंगरचे पाणी मातीच्या नळांतून आणून त्यावर यात्रेकरूंसाठी पीठही दळून घेतले. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केलेल्या आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी राष्ट्राला अर्पण केलेल्या जायकवाडी धरणाने पैठणास गोदावरी अडविली. आणि २०२० च्या डिसेंबरात १६८० कोटी रुपयांच्या ज्या पाणीपुरवठा योजनेचे भूमिपूजन झाले, तिची मुख्य जलवाहिनी तर अडीच मीटर व्यासाची, म्हणजे फेटा बांधलेला नवरदेव करवलीसह ताठ मानेने आतून चालत जाईल इतकी प्रशस्त! एवढा सगळा खटाटोप पाठीशी असूनही उस्मानपुऱ्यातील आमच्या नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने, स्वतःच्या मर्जीने आणि बहुधा आम्ही गाढ झोपेत असताना येते. अशा या उस्मानपुऱ्यात, ऐन मे महिन्यात, नळ कोरडा, हौद कोरडा आणि टँकरवाला फोन उचलत नाही अशी स्थिती असताना, एका सेवा केंद्रातील पंचविशीच्या तरुणाने हाती एक बारीकसा स्क्रूड्रायव्हर घेऊन, समोरचा चहा निवण्यापूर्वी पाणी शोधून काढले. ते माझ्या मोबाईलमध्ये सापडले.

आमच्या मराठवाड्यात बोअर घेण्यापूर्वी पाणाड्याला बोलाविण्याची रीत आहे. तो तळहातावर शेंडीचा नारळ आडवा ठेवून वावरभर फिरतो, आणि नारळ उभा राहिला की तेथे चुन्याची फुली मारतो. पुढे त्या फुलीखाली तीनशे फुटांपर्यंत नुसती धूळच निघाली तरी त्याची दक्षिणा परत मिळत नाही. सेवा केंद्रातील तरुणाची पद्धती अधिक शास्त्रशुद्ध होती. त्याने सिमचा ट्रे ओढला, आत विजेरीचा झोत टाकला, आणि तेथे असलेल्या तिळाएवढ्या पांढऱ्या चिकटपट्टीचा वर्ण तांबूस झाला आहे, असा निर्वाळा दिला. ही पट्टी कोरडी असताना पांढरी असते आणि पाण्याचा स्पर्श होताच लाल होते. फोन आपण आपल्या पैशाने विकत घेतलेला असला तरी त्याच्या पोटात बसविलेला हा गुप्तहेर अखेरपर्यंत कंपनीशीच इमान राखून असतो. मीही वाकून पाहिले. मला ती पट्टी दुधी दिसली. तथापि माझ्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख पुढच्याच महिन्यातली असल्यामुळे माझी साक्ष कोणत्याही न्यायासनापुढे टिकण्यासारखी नव्हती.

"सर, लिक्विड डॅमेज आहे," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"कोणते लिक्विड?"

"पाणी, सर."

"नळाचे, टँकरचे की बोअरचे?"

तिने संगणकात डोकावून पाहिले. "सिस्टिममध्ये तसा ऑप्शन नाही, सर."

हा प्रश्न मी थट्टेने विचारला असा वाचकांचा ग्रह होऊ नये. माझी उभी हयात पाटबंधारे खात्याच्या कारकुनीत गेली आहे. धरणात पाणी किती आले, कालव्यात किती सोडले, शेतापर्यंत किती पोहोचले आणि वाटेत किती जिरले, याचे तक्ते मी रुळाने रेघा मारून दोन रंगांच्या शाईत लिहिलेले आहेत. आणि उगम, मार्ग व परिमाण या तीन बाबी नमूद केल्याखेरीज पाणी आल्याचे मान्य करणारा एकही वरिष्ठ अधिकारी मला त्या काळात भेटला नाही. येथे उगमाचा पत्ता नाही, मार्गाचा उल्लेख नाही, परिमाण तर कोणी विचारीतच नाही, आणि तरी 'पाणी आहे' हा शेरा मारून प्रकरण निकालात! आमच्या काळी असा कागद वर पाठविणाऱ्या कारकुनाला साहेबांनी केबिनमध्ये उभे करून त्याचे सर्व पूर्वज आठवून दिले असते.

आता फोनच्या आजाराची हकीकत सांगतो. हा फोन मी माझ्या भाच्याच्या आग्रहास्तव घेतला होता. "मामा, हा पाण्यात बुडवला तरी चालतो," हे त्याचे मुख्य प्रतिपादन. खोक्यावर आयपी ६८ असा काहीतरी ताम्रपटासारखा मजकूर होता, आणि त्याचा अर्थ असा निघाला की सहा म्हणजे धूळ आत जाणार नाही, आणि आठ म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या अटींवर पाणी आत जाणार नाही. अटी मात्र खाली मुंगीच्या अक्षरात होत्या: पाणी स्वच्छ, गोडे आणि स्थिर असावे, खोली दीड मीटरहून अधिक नसावी व अवधी अर्ध्या तासाचा असावा. दीड मीटर खोल, स्वच्छ, गोडे आणि स्थिर पाणी! तेवढे पाणी आमच्या गल्लीत कोणाकडे असते तर त्याने त्यात फोन कशाला बुडविला असता? त्याने दाराला कुलूप लावून बाहेर राखणदार बसविला असता.

हमीची वर्षभराची मुदत संपायला थोडा अवकाश असताना फोनच्या पडद्यावर एके सकाळी वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ उमटली. ती इतकी सरळ व रेखीव होती की जन्मभर रूळ वापरलेल्या माझ्यासारख्या माणसाला प्रथम तिचे कौतुकच वाटले. पाठोपाठ चार्जिंगने असहकार पुकारला, आणि चार्जर जोडताच 'ओलावा आढळला आहे, केबल काढा' अशी सूचना झळकू लागली. बाहेर पारा बेचाळिसाच्या घरात, घरात माठाच्या तळाशी घोटभर पाणी, कूलर कोरडा पडून नुसती गरम हवा फेकतो आहे, आणि या एकट्या यंत्राला ओलावा आढळतो आहे! मी ती सूचना सौभाग्यवतींना दाखविली. त्यांनी फोन हातात घेतला, उलटा करून आशेने एकदा झटकला आणि परत दिला.

तिसरा विकार सर्वांत भयंकर होता. पडद्याला कोणी हात लावलेला नसतानाही फोन आपल्या आपण कामे करू लागला. पेन्शनरांच्या ग्रुपवर त्याने माझ्या नावे कोणालाही न समजणारी अक्षरे पाठविली (त्यांवर अनेकांनी सहमती दर्शविली, ही गोष्ट वेगळी); आणि एका रात्री दोनच्या सुमारास त्याने माझ्या एका जुन्या कार्यकारी अभियंता साहेबांना थेट फोन लावला. पावसाळ्यातल्या कैक रात्री या साहेबांनी जायकवाडीच्या दरवाजांपाशी जागून काढलेल्या. ते हॅलो म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "किती क्युसेक?"

"साहेब, क्षमा असावी, मी..."

"सत्तावीसही उघडले का?"

"साहेब, आपोआप लागला..."

"आपोआप? दरवाजे आपोआप कसे उघडतील! खालच्या गावांना कळवलंत का?"

फोन तेवढ्यात आपोआपच बंद पडला. दुसऱ्या दिवशी वहिनींकडून समजले की साहेब पहाटेपर्यंत गमबूट घालून ओट्यावर बसले होते.

तेव्हा मी सेवा केंद्राची पायरी चढलो ती केवळ स्वार्थासाठी नव्हे, तर गोदाकाठच्या जनतेच्या मनःशांतीसाठीही, हे नमूद करणे अगत्याचे आहे. तेथील व्यवस्था मात्र वाखाणण्यासारखी. दारातच टोकन मिळते, आत गारवा असतो, भिंतीवरच्या पडद्यावर तोच फोन घेऊन एक तरुणी धबधब्याखाली नाचत असते, आणि तिच्या नेमक्या खाली 'द्रवपदार्थाने झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही' अशी पाटी लावलेली असते. संत एकनाथ रंगमंदिरात मी पुष्कळ नाटके पाहिली आहेत, परंतु अंकामागून अंक संपूनही कथानक तसूभर पुढे न सरकणारे नाटक पाहण्याचे भाग्य मला या काउंटरसमोरच लाभले.

"पण हा फोन पाण्यात चालतो ना?" मी त्या पडद्यावरच्या तरुणीकडे बोट केले.

"चालतो ना, सर. फक्त आत पाणी जायला नको."

"आणि गेले तर?"

"मग लिक्विड डॅमेज."

"म्हणजे पाणी आत जात नाही तोवर तो पाण्यात टिकतो."

"बरोबर, सर!" मला विषय समजल्याचा तिला मनापासून आनंद झाला.

दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज तिने छापून दिला. मदरबोर्ड, डिस्प्ले, मजुरी आणि त्यावर कर मिळून जी रक्कम झाली, तिच्यात नवा फोन येऊन वर भाच्याला त्याच्या आगाऊपणाबद्दल जेवूही घालता आले असते. "सर, यापेक्षा एक्स्चेंज करा ना," असे सुचवून तिने मला जुन्या फोनची किंमत सांगितली. ती मी येथे लिहीत नाही. घरातील मंडळी हा अंक वाचतात.

घरी आल्यावर रीतसर चौकशी बसविण्यात आली. फोनला पाणी कोणी, केव्हा व कोठे लावले याविषयी प्रत्येकाचा जबाब घेतला. सौभाग्यवतींनी जबाब न देता थेट दस्तऐवज हजर केला. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर जी दिनदर्शिका टांगलेली असते, तिच्यावर एकादशी, चतुर्थी आणि दुधाच्या खाड्यांबरोबर नळाला पाणी आल्याची नोंद त्या वर्षानुवर्षे ठेवीत आल्या आहेत: 'पहाटे ३॥, पाऊण तास, मोटार लावून', 'रात्री १, गढूळ', 'नुसती हवा'. फोनला विकार जडला त्या आठवड्यातील सर्व चौकोनांत एकच टिपण होते: 'नाही'. ज्या कालावधीत पाणी घरात शिरल्याचा आरोप आहे, त्या कालावधीत ते वास्तूत उपस्थितच नव्हते, याहून निर्णायक पुरावा कोणत्या मुकदम्यात दाखल झाला असेल? माझ्या नोकरीच्या काळात पाण्याच्या इतक्या विश्वसनीय नोंदी मी पाहिलेल्या नाहीत, आणि त्यांपैकी बऱ्याच मीच लिहिलेल्या होत्या.

दिनदर्शिका काखोटीला मारून मी पुन्हा काउंटरवर रुजू झालो. मुलीने ती लक्षपूर्वक वाचली. 'गढूळ' या शब्दापाशी तर तिने सहानुभूतीने मानही हलविली. मग म्हणाली, "सर, पाणीच असेल असं नाही. घामही असू शकतो."

मी त्या आरोपाने क्षणभर सुन्न झालो. शासकीय सेवेत असताना मला घाम आल्याची एकही नोंद माझ्या सेवापुस्तकात नाही, आणि निवृत्तीनंतर तशी काही आवश्यकता उरलेली नाही.

या दरम्यान उपायांचा वर्षाव सुरू झाला होता, कारण दुसऱ्याच्या बिघडलेल्या वस्तूइतका सल्ल्याला सुपीक विषय नाही. फोन तांदळात पुरून ठेवावा, हा सर्वमान्य सल्ला. फोन बनविणाऱ्या एका बड्या परदेशी कंपनीनेच २०२४ साली तसे न करण्याविषयी ग्राहकांना बजावले आहे, कारण तांदळाचे कण आत शिरून अधिकच अपाय होतो, हे भाच्याने वाचून दाखविले. परंतु भाच्याच्या शब्दाची पत या घरात उरली नव्हती. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक गुरुजी बासमतीच्या बाजूचे, कारण त्याचे दाणे लांब. सौभाग्यवतींचे मत असे की आंबेमोहोर असल्या कामाला वाया घालविण्यापेक्षा पीर बाजारातून जाडाभरडा आणावा. तांदळाच्या जातीवर एकमत होईपर्यंत फोन मुगाच्या डाळीत ठेवला गेला. त्यात तो रात्री कधीतरी वाजला, आणि पहाटे पाणी भरण्यासाठी उठलेल्या सौभाग्यवतींना डब्यातून कोणीतरी बोलत असल्याचा भास झाला. त्या दिवशी घरात कोणी खिचडी मागितली नाही.

मग कोणी सांगितले, पैठण गेटला जा. पैठण गेटचा मोबाईल बाजार ही आमच्या शहरातील अशी एक विद्यापीठबाह्य संस्था आहे की, जेथे खोक्याएवढ्या टपरीत, गळ्यात दुर्बीण अडकविलेले विशीतले कारागीर मोठमोठ्या कंपन्यांनी मृत घोषित केलेले फोन सायंकाळच्या नमाजापूर्वी उठवून बसवितात. माझा फोन तेथील एकाने हातात घेतला, कानाशी नेला, हुंगला, आणि अंगठ्याने त्याची पाठ चाचपली. वैद्याने नाडी धरावी तसे त्याचे डोळे अर्धवट मिटले होते.

"चचा, पानी नै है इसमें."

माझे डोळे भरून आले. "लिहून द्याल?"

"लिखने का काम अपना नै. खोलता मैं अब्बी, पर खोला तो कंपनी हात नै लगाती. फिर बोलना नक्को, बताया नै करके."

सबंध प्रकरणात इतके स्वच्छ आणि निःस्वार्थी कायदेशीर मत मला दुसऱ्या कोणाकडून मिळाले नाही. मी फोन न उघडता परत आणला.

कंपनीच्या मदतवाहिनीचा अनुभव थोडक्यात सांगतो, कारण तो प्रत्येकाला येऊन गेलेला असतो. संगीत पुष्कळ ऐकले. माझा कॉल त्यांच्यासाठी महत्त्वाचा असल्याचे वारंवार कानी पडले. शेवटी एक मनुष्यप्राणी आला, त्याने माझी ओळख पटविण्यासाठी एक सांकेतिक क्रमांक धाडला, आणि तो क्रमांक अर्थातच त्या बिघडलेल्या फोनवर गेला, जेथे हिरव्या रेघेने त्यातले मधले दोन अंक झाकले. मग त्याने फोनचा पंधरा आकडी आयएमईआय विचारला. तो खोक्यावर असतो, खोके माळ्यावर असते, आणि माळ्यावरच्या खोक्यात सौभाग्यवतींनी ब्लाऊजची बटणे ठेवलेली असतात, ही पुढची साखळी प्रत्येक घरास परिचित आहे.

संकेतस्थळावर तक्रार नोंदविताना मात्र एक नवीनच पेच उभा राहिला. शहराचे नाव २०२३ साली अधिकृतरीत्या बदलले. कंपनीच्या यादीत जुने व नवे अशी दोन्ही नावे दोन स्वतंत्र शहरे म्हणून नांदत होती. माझा पत्ता नव्या शहरात आणि सेवा केंद्र जुन्या शहरात! नवे नाव निवडताच 'आपल्या शहरात आमचे सेवा केंद्र उपलब्ध नाही' असे दिलगिरीचे उत्तर येई, आणि जुने नाव निवडल्यास माझा पत्ता आधारकार्डाशी जुळत नसे. घरापासून चालत जावे तेवढ्या अंतरावर असलेल्या त्या दुकानाशी माझा प्रशासकीय संबंध जोडण्यास कोणतीही यंत्रणा तयार नव्हती. मलिक अंबराचे बरे होते. त्याने खडकी एकच वसविली.

अखेरीस मी माझ्या ठेवणीतल्या शस्त्राला हात घातला आणि अर्ज लिहिला. 'मजकूर अर्जदार याजकडून सविनय सादर करण्यात येते की,' अशी सुरुवात करून, विषय, संदर्भ, सहपत्रे, दिनदर्शिकेची साक्षांकित प्रत आणि 'सबब मेहेरबानांचा योग्य तो हुकूम व्हावा' असा शेवट असलेला तो दस्तऐवज, मी स्वतःच्या मुखाने सांगणे शोभत नाही, परंतु माझ्या कारकिर्दीतील उत्कृष्ट होता. भाच्याने तो कंपनीच्या संवादपेटीत चढविला. दुसऱ्याच क्षणी उत्तर आले, कारण पलीकडे माणूस नव्हता, एक यंत्र होते. त्याने लिहिले होते: 'तुमच्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद! तुम्हाला आमचा फोन आवडला हे वाचून आनंद झाला. कृपया आम्हाला तारे द्या.' मी तारे दिले नाहीत. मी गुरुजींकडे गेलो.

गुरुजी हे ग्राहक चळवळीचे जुने अनुयायी. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत स्थापन केली, तेथपासून ते कथा सुरू करतात, आणि १९८६ चा कायदा येईपर्यंत यजमानांचा दुसरा चहा होतो. परंतु त्यांच्या माहितीला तोड नाही. ते म्हणाले, "भाऊसाहेब, नवा कायदा २०१९ चा. २० जुलै २०२० पासून लागू झाला. तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीच्या गावाला जायला नको. पाच लाखांपर्यंत फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. दोन वर्षांची मुदत आहे. आणि वस्तूत दोष आहे की नाही हे ठरवायला ती प्रयोगशाळेत पाठवायची तरतूद आहे."

"म्हणजे ते पाणी प्रयोगशाळेत जाईल?"

"असेल तर जाईल."

'असेल तर' हे दोन शब्द गुरुजींनी ज्या स्वरात उच्चारले, त्यातून मला माझ्या नोटिशीचा गाभा सापडला. तीत मी तीनच मागण्या केल्या. पहिली, सापडलेल्या पाण्याचा उगम, मार्ग आणि परिमाण लेखी कळवावे. दुसरी, पाण्याचे पृथक्करण करून ते गोडे, क्षारयुक्त की घर्मजन्य याचा अहवाल द्यावा. आणि तिसरी, जिच्यावर गुरुजींनीसुद्धा चष्मा काढून पुसला: सदरहू पाणी ज्या अर्थी माझ्या मालकीच्या वस्तूत सापडले त्या अर्थी ते माझ्या मालकीचे असून, उस्मानपुऱ्यातील विद्यमान परिस्थिती लक्षात घेता, पंधरा दिवसांच्या आत ते मला परत करण्यात यावे, कसूर केल्यास जिल्हा आयोगाकडे दाद मागितली जाईल आणि होणाऱ्या खर्चाची जबाबदारी कंपनीवर राहील, हे कळावे.

नोटीस रजिस्टर पोस्टाने गेली. तिची मुदत भरत आली असता कोण्या दूरच्या शहरातून एका अत्यंत गोड आवाजाच्या गृहस्थांचा भाच्याच्या फोनवर फोन आला. हिंदी-मराठीच्या सीमेवरून बोलत त्यांनी माझ्या मनस्तापाबद्दल खेद व्यक्त केला, 'विशेष बाब म्हणून' फोन मोफत दुरुस्त करून देण्याचे वचन दिले आणि मी समाधानी आहे काय, असे विचारले.

"फोनचे ठीक आहे," मी म्हणालो, "पण माझ्या पाण्याचे काय?"

"कौनसा पानी, सर?"

"तुमच्या केंद्रात सापडलेले."

कळफलकावर बोटे वाजल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही आले नाही.

"सर, हमारे रेकॉर्ड में पानी तो कहीं नहीं दिख रहा."

मी काही बोललो नाही. केंद्रावर होते आणि मुख्यालयापर्यंत पोहोचले नाही, तेव्हा वाटेत जिरले असावे. तसल्या आकड्यांचा ताळेबंद जुळविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाने यावर आणखी काय बोलावे?

फोन परत घ्यायला गेलो तेव्हा काउंटरवरची मुलगी पर्स खांद्याला लावून उभीच होती. "काका, लवकर सही करा ना," ती म्हणाली. सर हे संबोधन मदरबोर्डाबरोबरच बदलले गेले होते. "आज आमच्याकडे पाणी आहे, घरी कोणी नाही. मोटार लावायला मलाच जायचंय." मी सर्व रकान्यांत, न वाचता, भराभर सह्या केल्या. अशा वेळी माणसाला अडवून ठेवणे आमच्या शहरात गुन्ह्याच्या खालोखाल मानले जाते. कामाच्या कागदावर 'पाण्याची खूण' या रकान्यापुढे सफाईदार इंग्रजीत 'नाही' असे लिहिलेले होते, आणि ट्रेच्या आत शुभ्र, नवी कोरी चिकटपट्टी बसविलेली होती.

ज्यांना येत्या दसऱ्याला नवा फोन घ्यावयाचा आहे, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. दुकानदाराकडे मोफत कव्हर मागण्यात शक्ती खर्च करू नये. त्याच्यासमोर सिमचा ट्रे काढून ती पांढरी पट्टी शोधावी, बिलावर 'पट्टी पांढरी पाहिली' असा शेरा मारून त्याची सही, शिक्का व तारीख घ्यावी, आणि पट्टीचे छायाचित्र काढून ठेवावे. तक्रारीची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे. छायाचित्र अर्थातच दुसऱ्या फोनने काढावे लागेल. तो वॉरंटीत आहे की नाही, तेवढे आधी पाहून घ्यावे.